राजविलासच्या दारातली पायपुसणी

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुनी पायपुसणी आहे. तुम्ही रोज माझ्यासारखीवर पाय देता आणि आत निघून जाता. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की खाली पडून राहणाऱ्याला सांगण्यासारखं काही नसतं असं लोक धरून चालतात. मला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं तर सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कोकणात एका खाडीकाठी झाला. नारळाची सोडणं कितीतरी दिवस खाऱ्या पाण्यात कुजत घातली होती. मग बायकांनी ती बडवून बडवून त्यांचा काथ्या केला, काथ्याचा सुंभ वळला आणि सुंभाची मी झाले. इतका मार खाऊन जन्माला आल्यावर पुढे कुणाच्या टाचांचं काय भय वाटणार?

तिथून मी नाशिकला आले, ती थेट महात्मा गांधी रोडवरच्या राजविलासच्या दारात. राजविलासला दुकान म्हटलेलं मालक ललितशेठना खपत नाही. चार मजले, सरकता जिना, काचेचं दार, आत गारेगार हवा आणि फरशी अशी, की वाकलं तर आपलंच तोंड दिसावं. साड्या, अत्तरं, घड्याळं, परदेशी चॉकलेटं, सगळं एका छपराखाली. नाशिकला पाहुणा आला, की गोदाघाट, काळाराम मंदिर आणि मग राजविलास, हा बेत ठरलेला. काही जण काहीच घेत नाहीत, नुसते सरकत्या जिन्यावरून वर जातात, खाली येतात आणि गार होऊन घरी जातात.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. माझ्या अंगावर लाल अक्षरांत राजविलास लिहिलं होतं. पहिल्या दिवशी तर खुद्द ललितशेठ मला ओलांडून उडी मारून आत गेले. नव्या कोऱ्या वस्तूवर पाय द्यायचा त्यांना धीर झाला नाही. दारावरचा गोटीराम मला रोज दोन्ही हातांनी उचलून झटकायचा. ‘हिच्यामुळं आपली फरशी आहे,’ असं तो एकदा म्हणाला होता, ते मी अजून विसरलेले नाही.

मित्रांनो, मी कधी एक पाऊल चालले नाही, पण राजविलासकडे येणारी प्रत्येक वाट मला ठाऊक आहे. माणूस कुठून आला ते त्याचे पायच मला सांगतात. घाटावरून सराफ बाजाराच्या चढानं आलेल्या तळव्यांना ओली रेती असते. भद्रकालीकडून आलेल्यांना हळदीकुंकवाचा रंग लागलेला असतो. सातपूरहून कारखान्याची पाळी सुटल्यावर आलेल्या बुटांत लोखंडाचा बारीक कीस रुतलेला असतो, तो मला फार टोचतो. पेठकडची तांबडी माती येते, घोटीच्या गिरण्यांमधला भाताचा कोंडा येतो. राजविलासच्या आत मी कधी गेले नाही, पण बाहेरचं नाशिक सगळं माझ्या अंगात साठलेलं आहे.

आणि रोज सकाळी एका पायाला झेंडूची पाकळी चिकटलेली असायची. तो पाय साळूबाईचा.

साळूबाईचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, निशिगंध. सकाळी फुलबाजारात फुलं घालून ती होळकर पुलावरून चालत यायची, रविवार कारंजा ओलांडायची आणि राजविलासच्या दाराला लावायचं तोरण गोटीरामच्या हातात द्यायची. पण माझ्यावर मात्र ती कधी पाय ठेवायची नाही. पायरीवरूनच हात लांब करायची. तिची पाकळी वाऱ्यानं उडून माझ्यापर्यंत यायची, एवढीच आमची ओळख.

तिची सून शुभांगी आत साड्यांच्या मजल्यावर कामाला होती. कामावरची माणसं मागच्या दारानं जातात, पण शुभांगी फार लवकर यायची, म्हणून गोटीराम तिला पुढूनच आत सोडायचा. पोर मोठी गुणाची, पण बोलणं इतकं हळू, की माझ्यावर उभी राहून ती काय म्हणते ते मलासुद्धा कान देऊन ऐकावं लागायचं.

नवरात्रात एके दिवशी दोघी दारात समोरासमोर आल्या आणि शुभांगीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आत्याबाई, ह्यांनी कालबी तेच काढलं. दसऱ्यापासून काम सोड म्हणतात. फुलांना हात कमी पडतात, आणि दिवसभर तिथं उभी राहून करते तरी काय, असं भाऊबंद विचारतात म्हणे.”

“भारतला मी काय सांगू, बाई?” साळूबाई म्हणाली. “मला तरी कुठं ठावं हाय तू काय करते ते?”

“म्हणून तर म्हणते, तुमी एकदा आत या. डोळ्यानं बघा. मग तुमी सोड म्हणल्या तर मी सोडते. हेबी म्हणालेत, आई सांगंल तसं करू.”

साळूबाईनं आपल्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. “त्या फरशीवर माझे पाय उमटतील गं,” ती म्हणाली आणि वळून गेली.

साळूबाईचा हा मुलगा मोठा हुशार. आई त्या दारातून आत जायची नाही हे ओळखूनच त्यानं तसं म्हटलं असणार. मला त्याचा असा राग आला! मी इथं कशासाठी पडले आहे मग? पाय उमटू नयेत म्हणूनच ना? पण हे साळूबाईला सांगणार कोण!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळीकडे फुलांची नुसती धांदल होती. साळूबाई आली तेव्हा राजविलास उघडून गिऱ्हाइकांची ये-जा सुरू झाली होती. तिनं नेहमीपेक्षा चौपट मोठं तोरण आणलं होतं. गोटीराम ते घेऊन स्टुलावर चढला, दाराकडे पाठ आणि तोंडात सुतळी. साळूबाई पायरीवर थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचला, वर आली, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली आणि देवळाच्या दारात काढाव्यात तशा चपला काढल्या. दोन्ही नीट जोडून माझ्या मधोमध ठेवल्या. पाय पुसले, पुन्हा पुसले, आणि अनवाणी आत गेली.

आता पुढची गंमत ऐका. एवढ्यात घोटीचं एक कुटुंब आलं. बापानं चपला पाहिल्या आणि मुलांना दटावलं, “बूट काढा रे! दिसत नाय का? आत देव बसवला असंल.” त्यांनी काढले. त्यांच्यामागून आलेल्या दोघी मैत्रिणींनी उंच टाचांच्या सँडल काढल्या. मग कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे दारात चार चपला दिसल्या, की पाचवा माणूस काय करतो ते तुम्हांला सांगायला नको. एका सुटाबुटातल्या साहेबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, साहेब तो आत दुमडून चालू लागले. बघता बघता माझ्यावर चपलांचा डोंगर झाला. मी त्याखाली गुदमरले होते, पण मनातून अशी खूश होते, की काय सांगू!

गोटीराम स्टुलावरून उतरला आणि डोक्याला हात लावून बसला. नेमकी तेव्हाच ललितशेठची गाडी आली.

“हे काय आहे? राजविलास आहे की धर्मशाळा?” ललितशेठ कडाडले. “कुणी सांगितलं चपला काढायला?”

तेवढ्यात सासूला पोहोचवायला शुभांगी दारापर्यंत आली. समोरचा ढीग पाहून साळूबाईचा चेहरा उतरला. “माझ्यामुळं झालं का काय हे?” ती पुटपुटली. शुभांगीचं काम नवऱ्याच्या हट्टातून वाचायचं होतं, ते आता मालकाच्या रागात जातं की काय, असं मला वाटलं.

आणि शुभांगी बोलली. माझ्यावर उभी राहून जी कुजबुजायची तीच शुभांगी, रस्त्यावर ऐकू जाईल अशी बोलली.

“साहेब, या माझ्या सासूबाई. चपला पहिल्यांदा यांनी काढल्या. कुणाला सांगितलं नाही, त्यांना चांगलं वाटलं म्हणून काढल्या. बोलायचं तर मला बोला.”

ललितशेठ बोलायला म्हणून पुढे झाले आणि थबकले. आतून इतकी अनवाणी माणसं त्यांच्या चकचकीत बुटांकडे बघत होती. घोटीचा तो बाप अदबीनं म्हणाला, “साहेब, बूट इकडं ठेवा, जागा हाय.” ललितशेठनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा साळूबाईकडे. मग खाली वाकले, नाडी सोडली आणि बूट माझ्या कडेला ठेवून मोज्यांवर आत गेले.

साळूबाई ढिगातून आपल्या चपला शोधू लागली. शोधता शोधता मान वर न करता म्हणाली, “भारतला मी सांगते. हे काम सोडायचं नाय.”

“तुमी वर काय बघितलं, आत्याबाई?”

“घरात तुझा आवाज कधी ऐकू आला नाय मला. हितं चार बाया साडी धरून तुझं ऐकत उभ्या होत्या. लय बरं वाटलं.”

त्यानंतर माझे दिवस फिरले. दिवाळीला दारात नवी रबरी पायपुसणी आली. मला गुंडाळून मागच्या जिन्याखाली फेकलं, वर रंगाचे डबे ठेवले. ओल लागली, एक कड उंदरांनी खाल्ली. माझी आठवण कुणालाच नव्हती. मी रडले असते, पण काथ्याला रडता येत नाही. एक दिवस शुभांगीनं मला पाहिलं, गोटीरामला विचारलं आणि मला काखेत मारून घरी नेलं.

आता मी मखमलाबादला साळूबाईच्या दारात असते. ती मला दर रविवारी झोडपून उन्हात टाकते, म्हणून अजून टिकून आहे. मित्रांनो, तुमच्या दारातल्या पायपुसणीलाही कधीमधी ऊन दाखवत जा. आणि तुमच्या पायरीवर कुणी आपल्या पायांकडे बघत उभं राहिलं, तर आधी त्याला आत बोलवा. फरशी पुसता येते.

परवाचीच गोष्ट. भारत मळ्यातून चिखलाचे पाय घेऊन तसाच घरात शिरत होता. आतून साळूबाई ओरडली, “पाय पूस रे! तुझी बायको कामावरून आलीय, घर आत्ताच झाडलंय मी.”

तो निमूट थांबला. एक पाय पुसला, दुसरा पुसला, आणि मग आत जाऊन विचारलं, “आज दुकानात काय झालं गं?”

शुभांगी सांगू लागली. दारात पडल्या पडल्या मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.