आठ घड्याळांचे एकमत

वर्षाच्या अखेरच्या सोमवारी, सकाळचा चहा आटोपल्यावर, प्रोसेसर बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरील तपासणी-कक्षात धाकट्याच्या युक्तिवादाचा निकाल लागायचा होता. घरात तो शेंडेफळ, म्हणून कचेरीतही धाकटाच. कारण तपासणी-प्रमुख ही त्याची सख्खी वहिनी होती.

वाद असा : एका चिपमध्ये आठ कोअर, म्हणजे हिशेब करणारे आठ मेंदू, आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. कंपनीची जुनी रीत अशी, की सातांनी पहिल्याकडे पाहून आपली वेळ लावायची. धाकट्याला ही थोरलेशाही मुळातच नामंजूर. त्याच्या रचनेत प्रत्येकाने शेजाऱ्याला वेळ विचारावी, निरोप पोचायला लागलेला अवधी तीत मिळवावा, आणि आपण मागे असू तर पुढे सरकावे. आज ती कसोटीला उतरली तर चिपमध्ये जाणार. नाही तर जुनीच रीत कायम.

कळ दाबली. पडद्यावर आठही आकडे हातात हात घालून धावू लागले. धाकट्याचा आनंद गगनात मावेना. त्याने खुर्चीसकट गिरकी घेतली. दुसरी गिरकी पुरी होण्याआधीच वहिनीने खुर्ची पायाने अडवली.

"भावोजी, या चिपच्या मते आज तारीख काय?"

चिपच्या मते नवे वर्ष लागून उन्हाळाही सरत आला होता.

कोणी मागे राहू नये म्हणून धाकट्याने निरोपाच्या प्रवासाचा अवधी सढळ हाताने धरला होता. त्यामुळे शेजाऱ्याचे ऐकणारा प्रत्येक जण त्याच्या किंचित पुढे जाई, मग शेजारी त्याच्याही पुढे. एकमेकांना गाठता गाठता आठही जण काळालाच मागे टाकून निघाले होते. पण एकमत तर आहे ना, असा धाकट्याने मुद्दा काढला. एकमताने खड्ड्यात पडणाऱ्यांना आपण वक्तशीर म्हणत नाही, असे वहिनीने सांगितले. त्यावर त्यालाच हसू आवरेना. हसत हसतच त्याने तो अवधी छाटून, सर्वांत जलद निरोपाला लागतो त्याहूनही कणभर कमी केला. आता शेजाऱ्याला गाठता येई, ओलांडता येत नसे.

पुन्हा कळ. वहिनीने चिप तापवली, गार केली, कोअर झोपवले, अवचित उठवले. उठणारा प्रत्येक जण डोळे चोळत मुकाट्याने रांगेत शिरला. धाकटा तिच्या पाठीमागे टाचा उंचावत उभा होता. दुपारी तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पास. तुमचीच रीत जाईल चिपमध्ये."