हाताला दोन वेढे

मित्रांनो, दाराच्या मागे खुंटीला टांगलेला, कडेने विसविशीत झालेला मी एक जुना पट्टा आहे. गळ्यातला नव्हे हं, हातातला! कुत्र्याच्या गळ्यात असतो तो गळपट्टा. त्याच्या कडीत माझं एक टोक अडकवायचं आणि दुसरं माणसाने हातात धरायचं. मधलं सहा फुटांचं अंतर म्हणजे मी. लोक कुत्र्याकडे बघतात, मालकाकडे बघतात, माझ्याकडे कोण बघतंय! पण त्या दोघांच्याही मनातलं एकाच वेळी कळतं ते फक्त मला.

माझा जन्म बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराच्या मशीनवर झाला. मला शिवून घ्यायला काकू स्वतः आल्या होत्या. "हाताला काचणार नाही असा शिवा हो. आमची मऊ जरा हट्टी आहे," त्या म्हणाल्या. कारागिराने मला दुहेरी शिवण घातली, हातात धरायच्या जागी आतून मऊ कापड लावलं आणि दोन्ही हातांनी ताणून बघत म्हणाला, "बाई, म्हैस बांधली तरी तुटायचा नाही." एवढं कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

मऊ म्हणजे तपकिरी रंगाची, लोंबत्या कानांची कुत्री. ती पिल्लू असताना तीन-चार मोठ्या कुत्र्यांनी तिला घेरून फाडलं होतं. तेव्हापासून दुसरं कुत्रं दिसलं की तिचे पाठीवरचे केस उभे राहायचे. ती दोनदा भुंकायची. काकू म्हणायच्या, "बरं बरं, कळलं," आणि चालू लागायच्या. की ही मागोमाग निघाली! काकूंच्या हातात मी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा सैल असायचो. ते माझे सुखाचे दिवस तीन वर्षं टिकले. मग काकू आजारी पडल्या आणि दवाखान्यातून परत आल्याच नाहीत.

आता मी काकांच्या हातात आलो. काका एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही की माणसाला खरचटलं नाही. "संकट दिसल्यावर ब्रेक मारतो तो ड्रायव्हर कसला? दिसायच्या आधी मारायचा!" असं ते म्हणायचे. हीच शिस्त त्यांनी मला लावली. कोपऱ्यावर नुसती एखादी शेपटी हलली, की मला तळहाताभोवती दोन वेढे द्यायचे आणि गच्च मागे ओढायचं. वेढे पडले की गळपट्टा मऊच्या मानेत रुतायचा. ती मुकी बिचारी काय समजणार? धनी घाबरलाय, म्हणजे समोर नक्कीच काहीतरी भयंकर आहे, एवढंच तिला कळायचं. मग ती उसळायची, मागच्या दोन पायांवर उभी राहून भुंकायची, सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. काका आणखी ओढायचे, ती आणखी भुंकायची. वर काका स्वतःशीच म्हणायचे, "बरं झालं, आधीच धरली!" मला अगदी ओरडून सांगावंसं वाटायचं. पण पट्ट्याला तोंड कुठे असतं, मित्रांनो?

इमारतीत मऊचं नाव फटाकी पडलं. आम्ही जिन्यात आलो की दारं लागायची. लिफ्टमध्ये असलेली माणसं "तुम्ही या मागून" म्हणून बटण दाबायची. काकांचे चार जुने सोबती संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसायचे. काका पहिल्यांदा मऊला घेऊन गेले, तेव्हा एकाची काठी पडली आणि दुसऱ्याचा चष्मा. काका पुन्हा तिकडे गेले नाहीत. आमची फिरायची वेळ भर दुपारी दोनची झाली, कारण तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. तरीही कुणी ना कुणी भेटायचंच, आणि काका लांबूनच म्हणायचे, "सॉरी हं, सॉरी." कित्येक दिवस तर असे गेले, की दिवसभरात माणसांशी बोललेला त्यांचा तो एकच शब्द असायचा. घरी आलं की ते मला खुंटीला टांगायचे आणि मऊजवळ जमिनीवर बसून राहायचे. "तुला मी आणि मला तू," असं म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं.

एकदा गाड्या लावायच्या जागी वळणावर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई अचानक समोर आल्या. त्यांचं कुत्रं पांढरं, कापसाच्या बोळ्याएवढं. दोन वेढे पडले, हिसका बसला, मऊ उसळली आणि काका आडवे! कोपर सोलून निघालं. पांढरं पिल्लू गाडीखाली जाऊन थरथरत बसलं. कुणी कुणाला चावलं नव्हतं, पण तक्रार झालीच. इमारतीचे सेक्रेटरी वर आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि खाली बघत म्हणाले, "काका, माझाही नाइलाज आहे. सगळ्यांच्या सह्या आहेत." मुलीचा फोन आला. "बाबा, हाड मोडलं असतं म्हणजे? मी इतक्या लांबून काय करू? प्राण्यांच्या निवाऱ्यात तिची नीट काळजी घेतात." काका "हं" म्हणाले. रविवारी सकाळी दहाला निवाऱ्याची गाडी फाटकाशी येणार असं ठरलं.

रविवारी काकांनी मऊचं भांडं आणि गोधडी एका पिशवीत भरली. खुंटीवरून मला काढलं. मी वेढ्यांची वाट बघत होतो, पण वेढे पडलेच नाहीत. नुसत्या दोन बोटांत मला अडकवून ते जिना उतरू लागले. जिला सांभाळायचं तीच चालली होती, मग आता जपायचं तरी काय? त्यांचा हात अगदी गळून गेला होता, आणि तो जडपणा मला अजून आठवतो.

फाटकाजवळ दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पांढऱ्या पिल्लाला घेऊन उभ्या. काकांची मान खाली, त्यांनी पाहिलंच नाही. मऊ थांबली, कान टवकारले, एकदाच गुरगुरली आणि मागे वळून काकांकडे बघत राहिली. हिसका आला नाही. तिने अंग झटकलं आणि भिंतीकडेचं गवत हुंगायला लागली.

"अहो काका! आज भुंकली नाही ही!" बाई म्हणाल्या.

काकांनी दचकून वर पाहिलं. पिल्लू दिसताच सवयीने हात फिरला, एक वेढा पडला, आणि त्या क्षणी मऊ ताठ होऊन गुरगुरली. काका आपल्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी वेढा सोडला. मऊ सैल पडली. पुन्हा एक वेढा दिला, पुन्हा गुरगुर. पुन्हा सोडला, पुन्हा शांत. गाडी बाहेर काढण्यापूर्वी ब्रेक तपासावा, तसं त्यांनी चार वेळा तपासलं.

"अरे देवा," ते म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मीच भुंकत होतो की!" आणि तिथेच पायरीवर बसून ते लहान मुलासारखे रडले. मऊ त्यांचं सोललेलं कोपर चाटत होती.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. "काका, सामान आणताय ना?"

"सामान वर न्यायचंय," काका म्हणाले. "तुम्हाला हेलपाटा पडला, सॉरी हं."

बाई पिल्लाला कडेवर घेत म्हणाल्या, "सेक्रेटरींशी मी बोलते. पण माझ्यापासून दहा पावलं लांबच हं!"

त्यानंतर सगळं एका दिवसात सुधारलं असं समजू नका. उघडलेली छत्री दिसली की मऊ अजूनही भुंकते. काकांचा हात अजूनही चुकून वळतो, मग ते स्वतःलाच रागावतात आणि मोठ्याने म्हणतात, "बरं बरं, कळलं." आम्ही बाकावर परत गेलो तोवर चारांतले दोघेच उरले होते. मधल्या दोन वर्षांचं काय, ती कुणी परत देत नाही. माझी शिवण उसवली, म्हणून गेल्या महिन्यात नवा पट्टा आला. तो रोज बाहेर जातो, आणि मी दारामागे पावलं ऐकत असतो.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मुकं जनावर असो की धाकटं भावंड, ज्याला धराल त्याला प्रेमाने धरा. भीती वाटली तर तोंडाने सांगा, त्यात लाज कसली? पण ती माझ्यातून पाठवू नका. तुम्ही जे द्याल ते मी जसंच्या तसं पलीकडे पोचवतो. मला नाही म्हणता येत नाही.