हाजरबीबींचं गाठाळ सूत

हाजरबीबींचं सूत गाठाळ झालं होतं, आणि ते त्यांना मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, असं त्यांच्या सुनेनं, मुअत्तरनं, ठरवलं होतं.

फरगान्यातल्या त्या गावात सुताची पारख ओठांनी करतात. मिटल्या ओठांतून धागा ओढायचा. कुसळाएवढी गाठ असली तरी लागते. नवी नवरी असताना मुअत्तरची पहिली लडी सासूबाईंनी अशीच ओढून बघितली आणि "ही काय मेंढीची शेपटी कातलीस?" म्हणत सरळ चुलीत घातली. दुसरीही घातली. तिसरीला मात्र स्वतःच्या हातानं चहा करून दिला. बाई कडक खरी, पण शिकवलं मनापासून.

दोन हिवाळ्यांपूर्वी म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बोटं बधिर झाली, हात कापायला लागले. धागा कुठे केसाएवढा, कुठे करंगळीएवढा. चाळीस वर्षं कातलेली बाई आपलं सूत कशाला ओठांना लावून बघते? मुअत्तर त्या लड्या गुपचूप उशांत भरणार होती. तेवढ्यात ताश्कंदहून कापड न्यायला येणाऱ्या शोइराच्या नजरेला त्या पडल्या आणि ती हरखलीच.

"अगं, हेच तर शोधतेय मी," ती म्हणाली. "उभ्या ताण्याला गिरणीचं सपाट सूत लाव, नाहीतर गाठी मागाच्या फणीत अडकून धागे तुटतील. आडव्या बाण्याला हे घाल. उरलेलं मला दे, जाड सुयांवर सैल टाक्यांनी विणायला."

मुअत्तरनं तसं विणलं. कापड खरंच देखणं झालं, तिथेच घात झाला.

"आई, तुमचं सूत ताश्कंदला चाललं."

"चालणारच. सरळ येतंय ना?"

"अगदी तारेसारखं."

झालं. म्हातारी पहाटेच उठून चरख्यावर बसायला लागली, दोन घास जास्त जेवायला लागली. आता कुठल्या तोंडानं खरं सांगायचं? म्हातारीला जरा विश्रांती द्यावी म्हणून मुअत्तरनं स्वतः तसं सूत काढून पाहिलं. मेलं जमेचना. सासूनंच लावलेली सवय, धागा निघाला की सरळच निघायचा.

शोइरा यायची ती मागच्या दारानं, मागापाशी. म्हातारीची आणि तिची भेटच होत नसे, म्हणून तिला बजावून ठेवायचं मुअत्तरच्या डोक्यातच आलं नाही. त्या शुक्रवारी मुअत्तर तंदूरमधून नान काढत होती आणि शोइरा थेट अंगणात, तुतीखालच्या ओट्यावर कातत बसलेल्या म्हातारीजवळ जाऊन बसली.

"आजी, तुमच्या हाताला तोड नाही," ती म्हणत होती. "अशा गाठी दुसऱ्या कुणाला काढताच येत नाहीत."

"कसल्या गाठी गं?" म्हातारीनं हसत विचारलं.

"सुतातल्या हो. परदेशातल्या बायका वेड्या झाल्यात त्यांच्यापायी."

मुअत्तर नान टाकून धावली. तोवर हाजरबीबींनी चातीवरचा धागा तोडून ओठांत धरला होता. त्या ओढत राहिल्या. हातभर, दोन हात, चार हात. मग त्यांनी धागा मांडीवर ठेवला.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले, आई."

"आणि तू तारेसारखं म्हणायचीस."

"तुमच्या जिवाला लागेल म्हणून."

"मी तुझं चुलीत घातलं, ते घरातल्या घरात. तू माझं चार गावांत मिरवलंस. फिटलं म्हणायचं आता."

"तसं नाही हो, आई. अल्लाची शपथ, तसं मनातसुद्धा आलं नाही."

"पण आजी, लोकांना आवडतंय ना," शोइरा चाचरत म्हणाली.

"आवडतंय? मग माझे हात आणखी बिघडायची वाट बघा दोघी."

शोइरा कापड न घेताच निघून गेली. मुअत्तरनं सासूच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. म्हातारीनं तिला ढकललं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. या बाईवर आपला किती जीव आहे, हे आता कितीही सांगितलं तरी तिला पटायचं नाही, हे मुअत्तरला कळून चुकलं.

"हा चरखा आत नेऊन ठेव," हाजरबीबी म्हणाल्या.

"आई, राहू दे ना. थोडं थोडं कातत जा."

"ने म्हटलं ना."

मुअत्तर चरखा आत ठेवून आली. म्हातारीचे हात मांडीवर रिकामे पडले होते. आवाजात राग उरला नव्हता.

"पहाटे जाग येते गं मला. उद्या उठून काय करू, तेवढं सांग."