तात्पुरता टाकलेला एक

मित्रांनो, बोटं जरा बाजूला घ्या. रोज तुम्ही मला बडवता, आज मला बोलू द्या. मी कीबोर्ड आहे. काळा, जुना, आणि आताशा बराच चिडका. जळगावात पिंप्राळ्याला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर सुलक्षणाताईंचं ऑफिस आहे. त्या लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देतात. तिथं माझी नोकरी. खालच्या गिरणीचं पीठ उडत वर येतं आणि माझ्या बटणांच्या फटीत जाऊन बसतं. दिवाळीच्या आधी भाजणी दळायला लागले की माझी अर्धी बटणं अडतात. त्याबद्दल कोणी मला बोल लावू नये.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा समोर सुलक्षणाताई होत्या. नवं ऑफिस होतं, दारात नारळ फुटला होता, आणि ताईंनी हळदीकुंकवाचं बोट माझ्या एंटरच्या बटणाला लावलं होतं. "किती हलका चालतो हो हा!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तेव्हा काम सोपं होतं. पगार टाका, व्याज टाका, बेरीज व्हायची, रिटर्न जायचं. माणूस खुर्चीत बसून चहा संपवेपर्यंत त्याचं काम हातात मिळायचं. मला माझा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नाही. मला दिसतात ती फक्त माणसांची तोंडं. पण कुठला आकडा आत गेला आणि कुठला पुसला गेला, हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

मग त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, आणि ताईंचं तोंड बदललं. त्यात वर्कशीट म्हणून एक प्रकार निघाला. एक वर्कशीट भरलं की त्याच्या पोटातून दुसरं निघायचं. दुसरं म्हणायचं, आधी तिसरं भरा. तिसरं म्हणायचं, पहिलं अपूर्ण आहे. ताई मोठ्यानं वाचायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "अरे, पण भरलंय ना मी ते! अजून काय भरू, माझं डोकं?" असं म्हणून त्यांनी एंटर दाबला की तो थेट माझ्या हाडापर्यंत पोचायचा. मला हाडं नाहीत, पण तुम्हाला कळलं असेल. सॉफ्टवेअर चुकणार, सॉफ्टवेअर अडणार, आणि मार कोण खाणार? मी!

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला की तिकडून गाणं वाजायचं. गाणं संपलं की मुलगी म्हणायची, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा." ताई बंद करून चालू करायच्या. वर्कशीट जिथल्या तिथं.

ताईंच्या हाताखाली चंदन नावाचा माणूस कामाला आहे. चांगला जाणता, दोन लेकरांचा बाप. त्याला धुळ्याच्या कोण्या कर सल्लागारानं एक युक्ती सांगितली. जे वर्कशीट आपल्याला लागतच नाही पण लाल खूण दाखवून वाट अडवतं, त्यात कुठंतरी नुसता एक टाकायचा. एक रुपया. लाल खूण गेली की पुढचं काम उरकायचं, आणि मग मागं येऊन तो एक पुसायचा. ही युक्ती जळगावपासून शिरपूरपर्यंत झाडून सगळ्यांनी उचलली. दुसरं करणार तरी काय होते बिचारे? दारात माणसं बसलेली, तारीख जवळ आलेली. "चंदन, तात्पुरता एक टाक रे," हे वाक्य मी त्या जुलैमध्ये इतक्यांदा ऐकलं की माझं एकाचं बटण गुळगुळीत झालं.

त्याच जुलैमध्ये पुना आबा आले. आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. उभी हयात चाळीसगाव जंक्शनला रुळांचे सांधे बदलण्यात गेली. आता पिंप्राळ्यात मुलाकडे, समाधानकडे राहतात. मुलगी रत्ना सुरतला, आणि जावई मस्कतला गाडी चालवायला गेलेला. आबांचं रिटर्न दरवर्षी चुटकीसरशी व्हायचं. पण त्या वर्षी त्यांनी चाळीसगावचा आपला जुना प्लॉट विकला होता, त्यामुळं मोठा फॉर्म लागला. मोठा फॉर्म म्हणजे वर्कशीटांची जत्राच. प्लॉट कधी घेतला, केवढ्याला घेतला, कुंपण कधी घातलं, विचारून विचारून त्या सॉफ्टवेअरनं आबांना घाम फोडला.

"बठ्ठं बराबर शे ना, माय?" आबा मधूनमधून विचारायचे.

"बरोबर आहे हो आबा. याचंच डोकं ठिकाणावर नाही."

शेवटी सगळं जमलं, आणि एकाच ठिकाणी लाल खूण राहिली. 'परदेशातील मालमत्ता' असं त्या वर्कशीटचं नाव. आबा हसले. "मन्हं परदेशमां काय ऱ्हाई? मी सुरतना पुढे कधी जायेल नही!" ताई म्हणाल्या, "चंदन, एक टाक आणि पुढं चल." चंदननं एक टाकला. तेवढ्यात सॉफ्टवेअर अडकलं. बंद करून चालू केलं. पुन्हा उघडल्यावर लाल खूण कुठंच दिसेना. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच झपाट्यात रिटर्न पाठवून दिलं. एक आत गेला होता, आणि त्यानंतर पुसायचं बटण कोणी दाबलंच नाही. मी काय ओरडणार? मला तोंड आहे का?

डिसेंबरात एका दुपारी समाधान आला. आत आल्यावर त्यानं दार लोटून घेतलं आणि मोबाईल ताईंसमोर धरला. आबांकडं साधा फोन, म्हणून रिटर्नमध्ये नंबर समाधानचा दिलेला होता. त्यावर आयकर खात्याचा मेसेज आला होता. आपण विवरणपत्रात परदेशातील मालमत्ता दाखवली आहे, तपशील तपासून घ्या, अशा अर्थाचा.

ताईंना आधी हसूच आलं. "आबांची परदेशात मालमत्ता? काहीतरीच काय!"

समाधान हसला नाही. "ताई, प्लॉट विकला त्याच वर्षी हे कसं आलं? जावई मस्कतला आहे. आबांनी रत्नाअक्काच्या नवऱ्याच्या हातानं तिकडं काहीतरी घेतलं, आणि मला कळू दिलं नाही. मी ओट्यावरच विचारलं त्यांना. म्हटलं, मला लपवून काय काय केलं ते सांगून टाका."

"ओट्यावर? शेजारीपाजारी असताना?"

"राग आला होता मला. अक्कालाही फोनवर बोललो. ती आता माझा फोन घेत नाही. आणि आबा पिशवी भरून चाळीसगावला चुलतभावाकडं निघून गेले. म्हणे, ज्या घरात चोर म्हणतात तिथं जेवण गोड लागत नाही. आता तुम्हीच सांगा, खरं काय आहे?"

ताईंचा चेहरा उतरला. "उद्या सांगते," एवढंच त्या म्हणाल्या. समाधान गेला, आणि माझे हाल सुरू झाले. आबांची फाईल उघडली, पण ते वर्कशीट सापडेना. वरच्या गोषवाऱ्यात ते दिसतच नव्हतं. ताई या पानावरून त्या पानावर, चंदन मदतीच्या नंबरवर, तिकडून तेच गाणं. "अरे मेल्या, कुठं लपवून ठेवलंस!" ताई सॉफ्टवेअरला म्हणायच्या आणि बोटं माझ्यावर आपटायच्या. दुसरं कोणी असतं तर सोडून गेलं असतं, मी कुठं जाणार?

शेवटी सापडलं. ताईंनी पडद्याकडं पाहिलं, मग चंदनकडं. चंदनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एक आहे," ताई म्हणाल्या. "नुसता एक."

चंदन हळूच म्हणाला, "ताई, साईटचा घोळ होता म्हणून सांगू. सगळ्यांना पटतं ते. आपण गुपचूप दुरुस्त करून टाकू. नाहीतर कॉलनीत बोभाटा होईल, उद्या कोण येईल आपल्याकडं?"

मला वाटलं ताई हो म्हणतील. थकल्या होत्या त्या. त्यांचं अर्धं गिऱ्हाईक आबांच्या ओळखीनं आलेलं. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या.

"साईटचा घोळ म्हटलं तर समाधानच्या मनातली शंका जाईल का रे?" त्या म्हणाल्या. "तो म्हणेल, आबांना सांभाळून घेतायत. त्याला कळायला हवं की हा एक कोणाचा आहे. आबांना फोन लाव."

दुसऱ्या दिवशी आबा पॅसेंजरनं आले. समाधानही आला. बापलेक शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले, पण एकमेकांकडं बघेनात. ताईंनी स्वतः बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"आबा, परदेशातला तो एक रुपया आम्ही टाकला. वर्कशीट पुढं जाऊ देत नव्हतं म्हणून टाकला, आणि काढायचा राहिला. चूक माझी. सॉफ्टवेअर कितीही वाईट असलं तरी पाठवण्याआधी बघायचं काम माझं होतं. समाधान, तुझ्या वडिलांनी काहीही लपवलेलं नाही."

"एक रुपया?" समाधाननं विचारलं.

आता वाटेल, पुसलं आणि झालं. छे! पुसायला गेलं तर वर्कशीट म्हणे, एक तरी नोंद पाहिजे. शून्य टाकलं तर म्हणे, शून्य चालत नाही. परदेशात काही नाही असं दुसऱ्या पानावर सांगायला जावं, तर ते पान कुलूपबंद, आधी इथली नोंद काढा म्हणे. काढायचं कसं ते सांगत नव्हतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. वर्ष संपलं की चूक दुरुस्त करायची मुभाही संपणार होती.

"मरू दे हे," ताई म्हणाल्या. "सगळं पुसून नव्यानं भरते."

आणि त्यांनी तसंच केलं. जुनी नोंद वापरलीच नाही. पेन्शन, व्याज, प्लॉट, कुंपण, पहिल्यापासून. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचा, आबांनी मान हलवायची, मगच मी तो आत घ्यायचा. समाधान समोर बसून ऐकत होता. व्याजासाठी आबांनी काढलेल्या पासबुकावरून त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की प्लॉटचे पैसे बँकेत आहेत, आणि वारस म्हणून त्याचं आणि रत्नाचं दोघांचं नाव आहे. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. परदेशाचं लाल वर्कशीट पुन्हा आडवं आलं. या वेळी कोणी एक टाकला नाही. चंदननं सगळी पानं चाळून काढली, परदेशात काही नाही हे सांगायचं पान शोधून तिथं 'नाही' भरलं, आणि लाल खूण आपसूक गेली. सुधारलेलं रिटर्न गेलं. ताईंनी हात मांडीवर टाकले.

"आबा, चुकलो मी," समाधान म्हणाला. "घरी चला."

आबा म्हणाले, "ह्या ताईनी चूक व्हती, तिनी सांगी टाकी. तू माले इचारं का? तू तं आधीच ठरायी टाकं." मग म्हणाले, "माले ऱ्हाऊ दे. पहिले रत्नाले फोन लाव."

समाधाननं फोन लावला. रत्नानं घेतला नाही. पुन्हा लावला. ताईंनी आपल्या फोनवरून लावून दिला, तेव्हा तिनं उचलला. समाधान "अक्का" म्हणाला. तिकडून रत्नाचा आवाज आला, "आबा शेतस का जवळ? त्यासले दे." आबांनी फोन कानाला लावला. रागाचं, रिटर्नचं एक अक्षर काढलं नाही. "जेवन व्हयनं का, बेटा?" एवढंच विचारलं, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. एका रुपयापायी म्हाताऱ्याला रडताना बघायचं होतं का मला?

जाताना समाधाननं स्कूटर चालू केली. आबा जिन्यात थांबले. "आज मी चाळीसगावलेच जास," ते म्हणाले. "सकाय तू माले लेवाले येजो. ओट्यावर येजो, बठ्ठासना देखत." समाधान म्हणाला, "येतो आबा. पहिल्या गाडीनं येतो, सगळ्यांदेखत घेऊन जातो."

तेव्हा मित्रांनो, मी हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. वर्कशीट कितीही छळो, तात्पुरतं म्हणून काही टाकलंत तर तिथल्या तिथं काढा, आणि पाठवण्याआधी एकदा सगळं मोठ्यानं वाचा. आणि ज्यांच्या घरी असा आकडा पोचेल त्यांनीही ऐका. रकान्यात काही दिसलं तर ज्याचं नाव वर आहे त्या माणसाला विचारा. घरात बसवून विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.