सेनापती किल्ला सोडून का गेला

जुळलेले कागद सावकाश विलग होताना एक आवाज होतो. कापड टरकावल्याइतका तो उद्धट नसतो आणि वाळलेले पान चुरगळल्याइतका क्षीणही नसतो. अनसूयाबाईंचे स्मरण मला नेहमी त्या आवाजापासून सुरू करावे लागते. त्या काळी कथामालेचे भाग न कापलेल्या पानांचे येत. दुमडलेल्या कडा वाचकानेच उघडून घ्यायच्या. पौषातल्या रविवारी दुपारचे ऊन ओसरीच्या तिसऱ्या फरशीपर्यंत सरकले, की त्या माझी शाळेतली लाकडी पट्टी मागून घेत, तिची कड दुमडीत घालत आणि एकाच संथ गतीने ती वर नेत. एकही पान वाकडे फाटत नसे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यानंतरही नाही.

सौंसरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिवणकाम शिकवले होते. त्यामुळे त्यांच्या बोटांना मापाचे ज्ञान नजरेच्या आधी होई. पुस्तक कापून झाल्यावर पट्टी मला परत न देता त्या मांडीवर ठेवत, आणि वाचन चालू असताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा इंचांच्या रेघांवरून पुढे पुढे सरकत राही, जणू कथेची लांबी त्या मोजून घेत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ऐकण्याचे कोणतेही चिन्ह नसे. जे काही असे ते त्या अंगठ्यात.

ही कथामाला नीलगडाची. तिचा पहिला भाग स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात नागपूरहून आला आणि नववा, अखेरचा भाग राज्यांची पुनर्रचना झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात. मधल्या काळात देशाचे नकाशे बदलले. मी स्वतः वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा दोनदा उतरवला. नीलगडाचा नकाशा मात्र बदलला नाही. त्या राज्यात तलावांना वाचा होती आणि पाषाणाचे घोडे पौर्णिमेला जागे होत. परंतु अनसूयाबाईंना घोड्यांचे कौतुक नव्हते. पात्र जे करते ते का करते, आणि जे कारण ते सांगते त्याच्यामागे न सांगितलेले कारण कोणते, एवढाच त्यांचा प्रश्न असे.

या प्रश्नासाठीच त्यांनी ओसरीवर एक नियम घातला होता. नवा भाग आला, की पाने कापण्यापूर्वी प्रत्येकाने आपला तर्क चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा, आणि वाचन संपल्यावर चिठ्ठ्या उघडायच्या. त्या डब्यात त्या संत्र्याची वाळलेली सालही ठेवत. त्यामुळे आमच्या सगळ्या चुकांना एक कडवट सुगंध असे. चुका बहुधा आमच्याच निघत. राणीने तलावाची वाचा का हरण केली याविषयी आम्ही तीन भाग सूडाच्या गोष्टी करत होतो. आपल्या मुलाच्या जन्माचे रहस्य तलाव बोलून जाईल, या भयाने तिने ते केले असावे, असे एकट्या अनसूयाबाईंच्या चिठ्ठीत होते; आणि पाचव्या भागात तेच छापून आले.

सातव्या भागाच्या शेवटी नीलगडाचा सेनापती वेढ्याच्या दिवशी पाणदरवाजाने बाहेर पडला आणि परत आला नाही. का गेला, ते आठव्या भागातही कळले नाही. रामाकोन्याच्या बाजूला संत्र्यांची बाग असलेले किसनराव वाचनाच्या प्रत्येक रविवारी येत. त्यांना वाचण्याचा मनस्वी कंटाळा आणि ऐकण्याची तितकीच हौस होती. त्यांचा निकाल पक्का होता.

"फितूर झाला बाई तो! शत्रूनं जहागिरी देल्ली असन त्याले."

"किसनभाऊ, तुमच्या बागेतला गडी एक दिवस आला नाही तं तुम्ही त्यालेही फितूरच म्हणता," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तो तं हायेच!"

सगळे हसले. मी शिक्षकाच्या सवयीने म्हटले, की तर्क कोणीही करावा, परंतु मजकुरातला आधार दाखवावा. अनसूयाबाईंनी पट्टीवर बोट टेकवले.

"आधार पायजे नं मास्तर? घ्या. जातानी त्यानं पाणदरवाजाची किल्ली संग नेली. ज्याले परत याचंच नाही, तो माणूस किल्ली कायले नेईन?"

किसनराव एकाएकी उठून संत्री सोलू लागले. त्यांच्या असे उठण्याचे कारण येथे सांगणे आवश्यक आहे.

अनसूयाबाईंचा धाकटा भाऊ माधव तहसील कचेरीत कारकून होता. आईच्या मागे बाईंनीच त्याला वाढवले होते आणि पहिल्या सात भागांचे वाचन त्याच्याच आवाजात झाले होते. पुनर्रचनेत नागपूर, अमरावतीकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला. आमचा छिंदवाडा जिल्हा, आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा व सौंसर, मध्य प्रदेशात राहिले. कचेरीतल्या माणसांना कोणत्या बाजूला जायचे ते विचारण्यात आले. माधवने बहिणीला सांगितले की तो येथेच राहणार आहे. कागदावर त्याने नागपूर लिहिले होते. बाईंच्या डोळ्यांवर पडदा दाट होत होता त्याच दिवसांत एका सकाळी तो छोट्या रुळांच्या गाडीने गेला, आणि आठवड्याने त्याचे तीन ओळींचे पत्र आले: रुजू झालो, पत्ता मागाहून कळवतो, प्रकृतीस जपणे. पत्ता आला नाही. जाताना घराच्या कुलपाची एक किल्ली तो घेऊन गेला होता.

मोहगावला त्यांची चुलत बहीण होती. "एकटी काहून राहतं, चाल माह्या घरी," असे ती प्रत्येक सणाला येऊन सांगे. बाई नकार देत. माधव आला आणि घराला कुलूप दिसले तर, एवढेच त्या म्हणत. त्याची बंडी त्यांनी खुंटीवरून काढली नव्हती. दर शनिवारी धुऊन पुन्हा तिथेच लावत. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होते. सेनापतीच्या जाण्याला काही उदात्त हेतू निघाला नाही, तर त्या ओसरीवर कोणती गोष्ट कोसळणार आहे, हे समजण्यासाठी कोणालाही चिठ्ठी लिहिण्याची गरज नव्हती. माधव गेल्यापासून वाचन माझ्याकडे आले होते, आणि त्यामुळे नवव्या भागाची वाट मी जितक्या उत्कंठेने पाहत होतो तितक्याच भयानेही.

तो भाग आला त्या आठवड्याच्या शनिवारी बाईंची भाची वत्सला जामसांवलीच्या मारुतीचे दर्शन करून त्यांच्याकडे उतरली होती. ती पांढुर्ण्याला दिलेली. आमच्याइतकीच नीलगडाची वेडी. मी टपालातून पुस्तक घेऊन आलो तेव्हा मावशी-भाची अंगणात उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. वत्सलेने माझ्या हातावर नारळाचा प्रसाद ठेवला, पुस्तकाकडे एकदा पाहिले आणि ती काहीशी लगबगीने आत गेली. मी भूगोल शिकवणारा माणूस. नागपूरचे टपाल मोठ्या गाडीने पांढुर्ण्याला त्याच दिवशी उतरते आणि आमच्याकडे छोट्या गाडीने ते रमतगमत येते, हे मी मुलांना फळ्यावर रेघा काढून समजावलेले होते. त्या दिवशी मात्र मला प्रसाद तेवढा दिसला.

रविवारी वत्सला सकाळीच परत गेली. दुपारी नियमाप्रमाणे चिठ्ठ्या डब्यात पडल्या. बाईंची चिठ्ठी नेहमीप्रमाणे मोठी. दिसेनासे झाल्यापासून त्यांचे एकेक अक्षर सुपारीएवढे असे. ऊन तिसऱ्या फरशीवर आले. ऊन तिसऱ्या फरशीवर आले. मी वाचू लागलो.

वर्गात वाचणाऱ्याची दृष्टी आवाजाच्या दोन ओळी पुढे असावी, असे मी नव्या शिक्षकांना सांगत आलो आहे. त्या दिवशी ती होती. वेढा उठून तीस वर्षे झाली आहेत, एका दूरच्या गावी सेनापती नाव बदलून राहतो आहे, आणि एक वाटसरू त्याला तो प्रश्न विचारतो. खाली उत्तर होते. 'मला भीती वाटली, म्हणून मी गेलो.' वाटसरू किल्लीचे विचारतो. सेनापती म्हणतो, ती कमरेला राहून गेली. आपल्यापाशी ती आहे हेच मला दुसऱ्या दिवशी कळले.

इतके साधे. इतक्या साध्या वाक्यांना मी माझ्या आयुष्यात कधी इतका घाबरलो नाही.

माझा आवाज थांबला नाही. सवयीने तो चालत राहिला. एका अल्पविरामाइतक्या अवकाशात मी निर्णय केला. मी वाचले, की सेनापती डोंगरपल्याडच्या लोकांकडे साहाय्य मागायला गेला होता. त्याला बर्फाने अडवले. तो उत्तर देतो आहे तेही परतीच्या वाटेवरूनच, आणि किल्ली त्याने अजून रोज तेल लावून ठेवली आहे. शब्दाला शब्द जुळवून, लेखकाची लांब वाक्ये उसनी घेऊन, मी अर्धे पान रचले आणि खरे अर्धे पान ओलांडून गेलो. पाठ्यपुस्तकातला एक काना वगळणाऱ्या मुलाला मी बाकावर उभे केले आहे, हेही येथे नमूद करतो.

पट्टीवरचा अंगठा सातव्या इंचापाशी थांबला. मी तो पाहिला, आणि माझ्या वाक्यांचा परिणाम झाला असे समजलो.

"जितल्या बाई!" किसनराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्या त्याले उगाच शिव्या देऊन राहिलो होतो. काढा डबा."

"आज राहू द्या जी," अनसूयाबाई म्हणाल्या. "डबा मास्तरजवळच ठेवा. लय चांगलं वाचलं तुम्ही, मास्तर. माधवपेक्षाही चांगलं."

डबा मी घरी आणला आणि उघडला नाही. चिठ्ठ्या उघडायच्या तर पुस्तकाशी पडताळायला हव्यात. ते पुस्तक मी ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात अनसूयाबाईंनी घराला कुलूप लावले आणि त्या मोहगावला बहिणीकडे राहायला गेल्या. मला याचा उलगडा होईना. सेनापती परतीच्या वाटेवर आहे असे मी वाचले होते. मग घर उघडे ठेवण्याचे बळ त्यांना मिळायला हवे होते. माझी योजना कुठे चुकली, हे मी एखाद्या न सुटणाऱ्या गणितासारखे पुनःपुन्हा तपासले. खुंटीवरची बंडीही त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या.

त्यानंतरच्या संत्र्यांच्या हंगामात किसनराव एका सकाळी शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते स्टेशनवर पेट्या चढवून सरळ इकडेच आले होते.

"मास्तर, माधव उतरला नं गाडीतून! मी म्हणलं, काहून रे बापा, आता सुचलं काय? तं मान खाली घालून मोहगावच्या रस्त्यानं चालला गेला."

"हातात काही होतं?"

"हातात? काही नव्हतं. एक किल्ली फिरवून राहिला होता बोटात."

माधव तेव्हापासून दर हंगामात येत राहिला. नागपूरची नोकरी त्याने सोडली नाही, बहिणीलाही तिकडे नेले नाही. चार दिवस राहून तो परत जाई. हे असेच चालले, आणि एका उन्हाळ्यात मोहगावहून अनसूयाबाई वारल्याचा निरोप आला. तेव्हा माझी बदली पांढुर्ण्याला झाली होती. सामान बांधताना डबा हाती लागला. सालींचा वास बराच विरला होता. किसनरावांच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'फितूर'. माझ्या चिठ्ठीवर आधारांसह चार ओळी होत्या, त्या चारही चुकीच्या. तिसरी मी उन्हात नेऊन वाचली. सुपारीएवढ्या अक्षरांत लिहिले होते:

'सेनापती भ्याला म्हणून गेला. मास्तर त्याले परत आणतील. आणू द्या त्यायले.'

पांढुर्ण्याला पोचल्यावर मी वत्सलेला विचारले. पांढुर्ण्याला आधीच पोचलेला नववा भाग वाचून शनिवारी तिनेच सारे सांगितले होते. सांगू की नको असे तिला झाले होते, पण मावशीने हात धरून विचारले. ऐकून झाल्यावर मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होय? भ्याला होता?" आणि तिथेच, अंगणात, त्यांनी वत्सलेकडून नागपूरच्या कचेरीच्या पत्त्यावर एक कार्ड लिहवून घेतले. मी मोहगावले चालली, तुले भेव वाटलं असन, मलेही वाटलं होतं, संत्र्याच्या हंगामावर ये.

मी ज्या रविवारी त्यांच्यासाठी एक उदात्त कारण रचत होतो, त्याच्या आदल्या दिवशीच ते कार्ड टपालात पडले होते. त्यांनी माझे अर्धे पान शेवटपर्यंत ऐकून घेतले. आयुष्यभर त्या पात्रांचे लपलेले हेतू शोधत आल्या, आणि अखेरचा हेतू त्यांनी माझा ओळखला.

पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. सातव्या इंचाची रेघ झिजून पुसट झाली आहे. हिवाळ्यातले ऊन तिच्यावर येते तेव्हा मी क्षणभर वाचन थांबवतो. गेलेली माणसे स्मरणात परततात तीही बहुधा अशीच, काही कारण न सांगता, जुनी किल्ली बोटात फिरवत. आणि इतकी वर्षे मध्ये गेल्यावर आपणही दार उघडून त्यांना बसायला सांगतो, का गेला होता ते विचारत नाही.