रंगाचे तीन हात

आमच्या ह्यांनी माझ्या सासऱ्यांची जुनी मोटरसायकल पार खोलली, पुन्हा जोडली आणि तिच्यावर रंगाचे तीन हात दिले. एवढी हौस त्यांनी आमच्या लग्नातही केली नव्हती. जुन्या गाड्यांच्या क्लबची स्पर्धा तोंडावर आली होती. बाबांना स्पर्धेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त एकदा मागच्या सीटवर बसून नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय, मागे बसायला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

पण गाडी दाद देईना. किक मारली की दोनदा खोकायची आणि सायलेन्सरमधून असा बार काढायची, की वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

मग क्लबातले जाणकार आले. एकाने कार्बोरेटरला दोष दिला, दुसऱ्याने पेट्रोलला. तिसऱ्याने टायमिंग बदललं. चौथ्याने ते पुन्हा होतं तसं केलं आणि तिसऱ्याशी बोलणं टाकलं. गाडी आपली बार काढतच राहिली. चहा करून करून माझा मात्र पिट्ट्या पडला.

दोष अखेर ह्यांनाच सापडला, एवढं श्रेय देते. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, तर ठिणगी अगदीच मरतुकडी. म्हणजे पेट्रोल इंजिनात धड जळतच नव्हतं, ते सायलेन्सरमध्ये जाऊन पेटत होतं. कारण काय, तर अर्थिंगची वायर टाकीखाली ज्या जागी सांगाड्याला कसतात, तिथेही ह्यांनी तीन हात मारले होते! वायर लोखंडाला धड टेकतच नव्हती.

"मग खरवडा ना तेवढं," मी म्हणाले.

"वेड लागलंय का? परीक्षक आरसा घेऊन टाकीखाली बघतात. ओरखडा दिसला की गुण गेले."

"आणि गाडी चालूच झाली नाही तर?"

"त्याला गुणच नसतात. सगळ्यांच्या गाड्या टेम्पोतूनच येतात."

बाबा पायरीवर बसून ऐकत होते. पुलापर्यंत जायचं म्हणून सकाळीच चढवलेल्या बुटांकडे ते नुसते बघत राहिले. मला ते बघवेना. डोकंच फिरलं माझं.

हे फोनवर टेम्पो ठरवायला आत गेले. मी पान्याने वायर सोडवली, सँडपेपर घेतला आणि नाण्याएवढी जागा घासून लख्ख केली. वायर पुन्हा कसली आणि किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी जी धडधडायला लागली, ती ना खोकली, ना तिने बार काढला. वरच्या बाई शिव्या तयार ठेवून खिडकीत आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

हे धावत बाहेर आले. आवाज ऐकून खूश होतील म्हटलं, तर आधी टाकीखाली वाकले.

"काय केलंस हे! गेले सगळे गुण!"

बाबा एव्हाना मागच्या सीटवर चढून बसले होते.

"गेले ना?" ते म्हणाले. "मग आता जपण्यासारखं काही उरलं नाही. बस पुढे."