एक खंजिरी, तीन गळे

मी खंजिरी आहे. चांदूर बाजारच्या वाटेवर आमचं गाव आहे, त्या गावच्या भजनी मंडळाची. देवळाच्या मंडपात खुंटीला टांगलेली असते. माझं कातडं एका कडेनं सुटलंय आणि पितळेच्या झांजांवर हिरवट थर चढलाय. माझी हकिकत कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

माझं लाकूड मेळघाटातल्या सागाचं. अमरावतीच्या एका कारागिरानं त्याचं कडं केलं, झांजा बसवल्या आणि घोरपडीचं ओलं कातडं ताणून चिकटवलं. मला विकताना तो म्हणाला होता, "हवा गार असली की हिचं कातडं सैल पडते. शेकल्याबिगर बोलाची नाही." तेव्हापासून माझ्या नशिबी विस्तव लिहिला गेला.

आमच्या मंडळात एक जण पुढे बसून गातो आणि बाकीचे मागून तीच ओळ ओढतात. मला पुढच्यानंच वाजवायचं असतं. म्हणजे मी ज्याच्या हातात, तो मंडळाचा गळा. माझ्या आयुष्यात असे तीन गळे आले. लोक अजूनही पारावर बसून त्यांची तुलना करतात. पण त्या तिघांच्या छातीजवळ मी होते. खरं काय ते मला विचारा.

पहिला नत्थुजी. बारीक अंगाचा, पण आवाज असा उंच, की पेटीवरच्या काळी पाचपासून गाणं उचलायचा. ती बायकांच्या गळ्याची पट्टी. पुरुषाला तिथून गाणं म्हणजे शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून पुन्हा वर हात करणं. नत्थुजीला ते जमायचं. लोक माना डोलवायचे.

आता दुसरी बाजूही ऐका. त्याला कडवी पाठ नसत. विसरला की तिथं नुसता लांब सूर लावायचा आणि लोकांना वाटायचं, काय रंगलाय. शब्द तर एक कळत नसे. मंडळी ताटकळून बसली तरी तो सावकाश यायचा. आणि मला अशी थापटायचा, जणू मी तव्यावर न मावणारी भाकर असावी. पण हे सगळं तो जिवंत होता तोवर लोक बोलायचे. एका पावसाळ्यात त्याला मोतीझऱ्याचा ताप आला, त्यात तो गेला, आणि त्याचे दोष त्याच्या आधी राख झाले.

त्या साली दसऱ्याला नेहमीसारखी वाद्यांची पूजा मांडली. खुशालराव मंडळाचे प्रमुख, पेटी तेच वाजवायचे. त्यांनी सगळ्या वाद्यांना हळदीकुंकू वाहिलं, मग शेंदूर घेतला आणि पेटीच्या त्या एका काळ्या पट्टीवर बोट टेकवलं.

"हे नत्थुजीची जागा," ते म्हणाले. "आता मंडळ इथूनच गाईन. खाली उतराचं नाही."

साऱ्यांचे डोळे भरून आले. नत्थुजीची बायको सुंदराबाई बायकांत बसली होती, तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. एका माणसाच्या पायातला जोडा आता गावानं घालायचा ठरवलाय, हे त्या वेळी कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही. मला उलट फार बरं वाटलं होतं.

दुसरा गळा चंद्रभानचा. नत्थुजीच्या मागं बसून ओढणारा. स्वतःची काळी जमीन कसणारा, कमी बोलणारा माणूस. त्याचा आवाज ढाला, म्हणजे खालच्या पट्टीतला, रुंद, मातीच्या डेऱ्यात पाणी हलावं तसा. मला तो तळव्यानं मारत नसे, बोटांनी बोलवायचा. पहिल्या दिवशी खुशालरावांनी शेंदराची पट्टी दाबली तेव्हा त्यानं मान खाली घालून विचारलं,

"दादा, जरा खालून घेता काय?"

"काहून? नत्थुजी इथूनच गाये."

"त्याहीचा गळा तसा होता."

"गळा कोनाचाई तसाच असते, चंद्रभान. जोर लावा लागते."

त्यानं जोर लावला. मी त्याच्या हातात होते, त्याच्या मानेच्या शिरा मी पाहिल्या. तरीही शब्द कळत होते. मागं बसलेल्या बायका पहिल्यांदा गाण्यातल्या अर्थानं रडल्या. पण भजन संपल्यावर जोडे शोधता शोधता बोलणं सुरू झालंच.

"बरं गाते, पन नत्थुजी तो नत्थुजी."

"नत्थुजीचा आवाज नाल्यापलीकडे जाये. याचा मंडपातच राह्यते."

एक म्हातारी तिथंच पायात चप्पल सरकवत होती. ती म्हणाली, "आयकाले तर मंडपातलेच आले होते ना बापा. नाल्यापलीकडे कोन बसलं होतं, तुह्या म्हशी?"

लोक हसले. पण चंद्रभान हसला नाही. त्याच्या कानात फक्त पहिलं वाक्य राहिलं.

गाणारा मला आपल्या घरी ठेवतो, अशी आमच्याकडची रीत. म्हणून मी चंद्रभानच्या घरी राहू लागले. त्याची बायको जमुना नुकतीच बाळंतीण झाली होती. मुलीचं नाव कुंदा. घरात चंद्रभान आपल्या खऱ्या पट्टीत गायचा. कुंदाला छातीवर घ्यायचा आणि हलक्या आवाजात असं काहीतरी गुणगुणायचा, की ते लेकरू आधी आ वासून ऐके आणि मग झोपून जाई. तसा सूर मंडपात कोणी कधी ऐकला नाही. मी ऐकलाय, जमुनानं ऐकलाय. कुंदानं ऐकलाय म्हणावं, तर तिला आठवण कुठून राहणार.

मंडपातून आल्यावर मात्र त्याचा घसा बसलेला असे. जमुना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्यायची, ज्येष्ठमध चघळायला द्यायची, हळदीचं दूध द्यायची. लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा नवऱ्याच्या गळ्याला हात लावून पाहायची. बाळंतिणीला साध्या शिंकेचीही भीती वाटते. इथं तर माणूस दिवसेंदिवस घोगरा होत चालला होता.

शेवटी ती त्याला अमरावतीला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं सांगितलं, यंदा गाणं बंद, बोलणंही कमी. ऐकलं नाही तर आवाज जाईल आणि गेलेला आवाज परत येत नाही.

घरी येऊन चंद्रभाननं मला खुंटीला टांगलं. मी मनाशी म्हटलं, राहू दे मला इथंच.

पण चांदूर बाजारला भजनांचा सामना ठरला होता. खुशालराव अंगणात येऊन बसले.

"मंडळाचं नाव जाईन, चंद्रभान. नत्थुजी तापातई गायला होता."

जमुना सुनेच्या मर्यादेनं दाराआडून बोलली. "मामाजी, डॉक्टरनं मना केलं. गावू द्याचंच असन तं खालच्या पट्टीत गावू द्या."

"बाई, त्या पट्टीले शेंदूर हाय."

"शेंदूर पेटीले हाय. याह्यच्या गळ्याले नाई."

खुशालराव उठून उभे राहिले. त्यांना राग आला नव्हता, ते खरंच दुखावले होते. "चंद्रभान, तुले जमत नसन तं सांग. आमी जानारच नाई," एवढं म्हणून ते गेले. 'जमत नसन तं' हे शब्द मात्र घरातच राहिले.

मग जमुना पोरीला काखेत घेऊन सुंदराबाईकडे गेली. तिथं मी नव्हते, पण परत आल्यावर तिनं चुलीपुढं बसून नवऱ्याला सगळं सांगितलं.

"म्या म्हटलं, मावशी, तुमी सांगा खुशालमामाजीले. तुमचा शब्द ते मोडनार नाईत. तं त्याह्यनं पोरीले मांडीवर घेतलं. मंग म्हनतात, 'जमुने, त्याह्यचं कायच राह्यलं नाई वं माह्यापाशी. पोर नाई, फोटो नाई. लोक त्या पट्टीचं नाव घेतात तवा वाटते, हायेत अजून.' मंग मी काय बोलू, सांगा?"

चंद्रभाननं उठून मला खुंटीवरून खाली काढलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. जमुनानं मला शेकायला घेतलं. रोज ती मला विस्तवावरून दोनदा फिरवायची आणि बोटानं टिचकी मारून पाहायची. त्या दिवशी तिनं मला निखाऱ्यांवर धरलं आणि धरूनच ठेवलं. कातडं ताणलं गेलं, मग चटचट करू लागलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. मी फाटले असते तर ऐन वेळी दुसरी खंजिरी गावात नव्हती.

तेवढ्यात कुंदा रडली. जमुना दचकली आणि तिनं मला ओढून घेतलं, पदरानं पुसलं आणि डोक्याला लावून क्षमा मागितली. वाद्य जाळणं म्हणजे पाप, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. बाई, तू क्षमा कशाला मागतेस? आणखी थोडं धरलं असतंस तर कातडं गेलं असतं, कातडं अमरावतीत पुन्हा मिळतं.

चांदूर बाजारला मांडव भरगच्च होता. खुशालरावांनी शेंदराची पट्टी दाबली. चंद्रभाननं पहिलं भजन ओढून नेलं. दुसऱ्यात वरचा सूर लावायला त्यानं तोंड उघडलं आणि आत काहीतरी चरकन फाटलं. बाहेर आली ती नुसती हवा. मागचे ओढकरी सवयीनं गात राहिले. तो मला वाजवत राहिला, एकही ठेका चुकला नाही. मांडवात एक जण म्हणाला, "नत्थुजी असता तं!" आणि शेजारच्यांनी मान हलवली.

आवाज परत आला नाही. चंद्रभान आज बोलतो तेव्हा कोरड्या तुराट्यांत वारा शिरल्यासारखं वाटतं. शेतात बैलाला हाक मारायची तर हातातली काठी आपटतो.

तिसरा गळा उद्धवचा. खुशालरावांचा भाचा, अकोल्याला शिकून आलेला. गोरा, नीटनेटका. त्याचा आवाज चंद्रभानसारखाच ढाला, फक्त त्यात दूध कमी आणि पाणी जास्त. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मामा, एवढ्या वर मी गाणार नाही. घसा बसतो."

खुशालरावांनी क्षणभर त्या पट्टीकडे पाहिलं, मग धोतराचं टोक ओलं करून शेंदूर पुसला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "ज्याचा त्याचा गळा असते."

कोणी हरकत घेतली नाही. सुंदराबाई तोवर वारली होती. जमुना खाली बायकांत बसली होती, तिनं कुंदाला उचललं आणि ती उठून गेली.

उद्धव बरा गातो. शब्द पाठ असतात, वेळेवर येतो. पण मला वाजवताना त्याचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे असतं. रीतीप्रमाणे घरी नेत नाही, मंडपातच खुंटीला टांगून जातो. आणि आता जोडे शोधताना लोक काय म्हणतात ठाऊक आहे?

"चंद्रभानची सर नाई याले."

"चंद्रभान गाये तं बाया रडत. हिरा होता, हिरा."

परवाच्या दसऱ्याला एका म्हाताऱ्यानं हे कुंदाला तोंडावर सांगितलं. ती आता शाळेत जाते, बापाचं बोट धरून पूजेला आली होती. "पोरी, तुह्या बापावानी गानारा पंचक्रोशीत झाला नाई." ती चकित होऊन बापाकडे पाहू लागली.

"बाबा, तुमी गानं म्हनत होते?"

चंद्रभाननं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवून नाही म्हणाला.

उद्धवला आता नवी खंजिरी हवी आहे. अकोल्याहून आणायचं ठरलंय. माझी तक्रार नाही, माझं झालं. पण ती येईल तेव्हा मला खुंटीवरून काढून कुठंतरी आत ठेवा. तिच्या देखत माझं नाव काढू नका. मी कशी वाजत होते ते तिला सांगू नका. तिचं कातडं जेवढं ताणलंय, तेवढंच तिला बोलू द्या.